प्रवाळ पांढरं पडलं म्हणजे मेलं का? पुन्हा सावरतं का?

नाही, लगेच मरत नाही. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं. रंग आणि बरंचसं अन्न त्या शैवालाचंच, म्हणून खालचा चुनखडीचा सांगाडा पांढराफटक दिसतो. पण जवळून पाहिलं तर त्यावर काचेसारखं पारदर्शक जिवंत मांस अजून असतं. थोड्या आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल परत वाढतं, रंगही येतो. उष्णता लांबली तर मात्र प्रवाळ उपाशी मरतं आणि सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं.

मग खरी परीक्षा. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांपाशी 1998 साली पाणी तापून 90 टक्क्यांहून जास्त प्रवाळ गेलं. पुढे पाहणी केलेल्या 21 ठिकाणांपैकी 12 सावरली, 9 ठिकाणी शेवाळाने ताबा घेतला. पाणी खोल, खडकाची रचना गुंतागुंतीची आणि शेवाळ खाणारे मासे भरपूर, तिथे सावरण्याची शक्यता जास्त होती. पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो, त्या साफ जागेवर प्रवाळाची पिल्लं चिकटतात. म्हणून हे मासे बेसुमार पकडणं मला फार घातक वाटतं.

ऑस्ट्रेलियाच्या स्कॉट रीफ या प्रवाळभित्तीला, किनाऱ्यापासून खूप दूर असूनही, 1998 च्याच तडाख्यातून उरल्यासुरल्या प्रवाळाच्या जोरावर, सावरायला साधारण 12 वर्षं लागली. 2016 मध्ये ती पुन्हा पांढरी पडली. काळजी याचीच आहे: दोन तडाख्यांमध्ये आता तेवढी वर्षं मिळेनाशी झाली आहेत.