‘रेंज कार्ड’ला ‘पल्लापत्रक’ म्हणावे का?

प्रश्न असा : एका अमेरिकी सैनिकाच्या आठवणींचा अनुवाद चालू आहे. त्यात मशीनगनवाले मोर्च्यात शिरल्याबरोबर ‘रेंज कार्ड’ करायला बसतात. त्याला ‘पल्लापत्रक’ म्हटले तर चालेल का?

मला ते पटत नाही. पल्ला शस्त्राचा असतो. एम 240 मशीनगनची गोळी जास्तीत जास्त 3,725 मीटर जाते. बंदूक कुठेही नेऊन ठेवली तरी तिचा पल्ला तोच. रेंज कार्ड मात्र त्या एका मोर्च्यापुरते असते, बंदूक पन्नास पावले सरकवली की नवे करावे लागते. समोरचे झाड किती मीटरवर, ओढ्याचे वळण कुठल्या दिशेला, अशी ती नोंद असते. म्हणजे इथल्या ‘रेंज’चा अर्थ साधा ‘अंतर’. (मोबाइलची ‘रेंज’ जाते ती निराळी, आणि गोळीबाराच्या सरावाची ‘रेंज’ म्हणजे आपली चांदमारी.)

अमेरिकी सैन्यात यासाठी छापील नमुनाच आहे, डीए फॉर्म 5517. वर अर्धवर्तुळांचा नकाशा, खाली आकड्यांचा तक्ता. माऱ्याची डावी-उजवी हद्द, ओळखीच्या खुणा, त्यांची दिशा आणि अंतर, उत्तर दाखवणारा बाण, एवढे तरी त्यात हवेच. मशीनगन तिकाटण्यावर असेल तर प्रत्येक खुणेसाठी नळी किती वळवायची, किती उचलायची तेही लिहितात. मग रात्री किंवा धुरात, समोरचे काही दिसत नसताना, नुसत्या आकड्यांवर नेम धरता येतो. एक प्रत मोर्च्यात राहते, दुसरी वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. बदली आलेल्या गड्यालाही ती लगेच वाचता आली पाहिजे.

‘रेंज कार्ड’ मी तसेच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धे वाक्य खर्चून उलगडून सांगेन. अनुवादाची खरी कसोटी त्या कार्डावरच्या दोन शब्दांत आहे.

पहिला ‘फायनल प्रोटेक्टिव्ह लाइन’. ‘अंतिम संरक्षण रेषा’ असे लिहिले की वाचकाला वाटते, सैनिक शेवटी मागे हटून जिथे उभे राहतात ती ओळ. प्रत्यक्षात ती गोळ्यांची वाट आहे. शत्रू अगदी अंगावर आला आणि इशारा झाला की बंदूक त्या ठरलेल्या रेषेवर धरून झाडत राहायची, कोणी दिसो वा न दिसो. जमीन सपाट असेल तर सुमारे 600 मीटरपर्यंत हा मारा जमिनीपासून मीटरभर उंचीच्या आतच राहतो. म्हणून ‘निर्वाणीची मारारेषा’ म्हणावे. ‘मारा’ हा शब्द त्यात हवाच.

दुसरा ‘डेड स्पेस’. ‘मृत क्षेत्र’ म्हटले की डोळ्यांसमोर प्रेते येतात. हा खळगा किंवा उंचवट्यामागची जमीन असते, जिथे गोळी डोक्यावरून निघून जाते. ती शोधायला एक जण त्या मारारेषेवरून चालत जातो आणि बंदुकीमागचा माणूस तो कुठे बुडतो, कुठे पुन्हा वर येतो ते पाहून कार्डावर टिपतो. तिथे लपलेल्यांसाठी ग्रेनेड किंवा उखळी तोफा लागतात. याला मी ‘माऱ्याआडची जागा’ म्हणेन.

याच्या उलट ‘माऱ्याची जागा’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे मुरलेला आहेच. 1665 मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला, कारण पुरंदरावर तोफा डागायला ती माऱ्याची जागा होती. ‘मार’ या धातूच्या घरातले शब्द हाताशी असताना कोशातून ‘अग्निक्षेत्र’ वगैरे ओढून आणण्याची गरज मला वाटत नाही.

तुमचे वाक्य असे होऊ शकेल : ‘मोर्च्यात बंदूक मांडली आणि उजेड आहे तोवर आम्ही रेंज कार्ड करून घेतले, माऱ्याच्या हद्दी, खुणांची अंतरे, आणि ओढ्याकाठची ती माऱ्याआडची जागा.’