सोलापूरहून एका दिवसात पुण्याचं केळकर संग्रहालय पाहून परत येता येईल का? सोबत वयस्कर आई आहे, तिला आवडेल का?

येता येतं की. गेल्या वर्षी मी आईला घेऊन असाच गेलो होतो. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी, संध्याकाळच्या हुतात्मानेच परत. (वेळा एकदा बघून घ्या.) स्टेशनवर रिक्षावाल्याला बाजीराव रस्ता, नातूबाग असं सांगा.

आईला आवडेल का, तर मी म्हणेन तिला सोडून जाऊच नका. राजा दिनकर केळकर संग्रहालय नाव ऐकून तलवारी-सिंहासनं डोळ्यांपुढे येतात, पण हा 'राजा' म्हणजे केळकरांचा सात वर्षांचा असताना गेलेला मुलगा. दिनकर केळकरांचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' नावाने कविताही करायचे. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला, तो जन्मभर सुटला नाही. वस्तू सुमारे वीस हजार, त्यातल्या मांडलेल्या अडीचेक हजार, आणि त्यांचंच राहतं घर. आपल्या सोलापुरात भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर पाहिलं असेल, तर घराचं संग्रहालय झालं की कसं वाटतं ते कळेल.

मी आधी मस्तानी महालाकडे पळालो. कोथरूडच्या मूळ महालाचं लाकूडकाम आणून इथे उभं केलंय, बघाच. मागे वळतो तर आई नाही. ती वज्रींच्या काचेपाशी अडकली होती. पाय घासायच्या पितळी वज्री: खाली खरखरीत तळ, वर धरायला पक्षी, प्राणी. पाटीवर नावापलीकडे फारसं काही नाही, बाकीचं आईने सांगितलं. "सासूबाईंची अशीच होती, मोराची. न्हाणीतल्या कोनाड्यात असायची. स्टीलची भांडी घेताना मोडीत घातली. वजनावर." पुढे अडकित्ते, फणेरपेट्या (फणी-आरसा ठेवायच्या पेट्या), दिवे, प्रत्येक काचेपाशी एकेक घर निघत गेलं. तीन तास कधी गेले कळलं नाही. सगळं बघायचा हट्ट धरू नका, वाद्यं तर आमची राहूनच गेली.

जिने मात्र आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर सावकाश चढवा.

परतीला कुर्डुवाडी येईपर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, "का रे, ते केळकर मोडवाल्यांकडे पण जात असतील का?"