मदतीच्या पत्रातला मोठा आकडा

“एक कॉलेज वर्षाला ५२,००० डॉलरची मदत देतंय, दुसरं फक्त १८,०००. मग यात विचार करण्यासारखं काय आहे?” अमेरिकेत राहणाऱ्या एका मुलीच्या आईने मला विचारलं. मुलीचं मनही पहिल्याच कॉलेजवर होतं. तिथे बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो, म्हणून घरात घाई चालली होती.

मी दोघींना पहिल्या कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या पत्रातली एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली. ५२,००० मध्ये ग्रँट आणि स्कॉलरशिप, म्हणजे परत न फेडायचे पैसे, मिळून ३४,०००च होते. बाकी ५,५०० मुलीच्या नावचं सरकारी कर्ज, १०,००० आईवडिलांच्या नावचं कर्ज आणि २,५०० वर्क-स्टडी. वर्क-स्टडी म्हणजे काम केल्यावर हातात येणारा पगार, तो फीच्या बिलातून वजा होत नाही. फेडायचं कर्ज ‘मदत’ म्हणून मांडणं मला मुळीच पटत नाही. आणि हे एखाद्याच कॉलेजचं नाही: अमेरिकी सरकारच्या जीएओ या संस्थेच्या २०२२च्या अहवालानुसार सुमारे ९१ टक्के कॉलेजं खरा निव्वळ खर्च पत्रात देत नाहीत किंवा कमी दाखवतात.

मग हिशेब केला. फी, राहणं-जेवण, पुस्तकं, प्रवास धरून पहिल्याचा वर्षाचा खर्च ७८,०००. त्यातून फक्त ३४,००० वजा, उरले ४४,०००. दुसऱ्याचा खर्च ४६,०००, ग्रँट १२,५००, उरले ३३,५००. बराच वेळ आई काही बोलल्या नाहीत.

शिवाय पहिल्याची स्कॉलरशिप ३.५ जीपीए (गुणांची सरासरी) टिकला तरच पुढच्या वर्षी मिळणार होती. ही अट दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होती.

बोलता बोलता कळलं, वडिलांची नोकरी नुकतीच गेली होती. फाफ्सा या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात मात्र दोन वर्षांपूर्वीच्या कर विवरणपत्रातलं उत्पन्न धरतात. अशा वेळी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करता येते, आणि ती करावीच, संकोच कसला? दोन्हीकडे पत्रं गेली. पहिल्याने ४,००० वाढवले, दुसऱ्याने ३,०००.

मुलीने दुसरं कॉलेज घेतलं. थोडी रडली, पण निर्णय तिचाच होता. देऊ केलेलं सगळं कर्ज घ्यावंच लागतं असं नाही, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या ५,५०० पैकी ३,५०० सबसिडाइज्ड होते, त्यावरचं व्याज शिकत असताना सरकार भरतं. उरलेल्या २,००० वर पैसे मिळाल्या दिवसापासून व्याज चढतं. ते तिने नाकारले.