ईएस पडला म्हणून लगेच इमल्सिफायर ओतू नका

ट्रिपनंतर (ड्रिलपाइप विहिरीतून काढून पुन्हा सोडल्यावर) सर्क्युलेशन सुरू केलं, ऑइल मडचा, म्हणजे तेलात खाऱ्या पाण्याचे थेंब मिसळलेल्या ड्रिलिंगच्या द्रवाचा, ईएस (इलेक्ट्रिकल स्टॅबिलिटी, इमल्शन किती टिकाऊ ते दाखवणारा आकडा) 750 व्होल्टवरून 400 वर आला, बॉटम्स अपला (तळाचं मड वर पोचलं तेव्हा) मड आधी हलकं आणि मग जड निघालं, आणि आता इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं रसायन) किती टाकू असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर आत्ता काहीच टाकू नका.

आधी सांगा, 400 चा नमुना कुठला? हलकं-जड मड येणं म्हणजे बॅराइट (मड जड करणारी खनिजाची पूड) खाली बसतंय. जड भागात घन कण जास्त, त्यामुळे ईएस तिथे वेगळाच दिसतो. पूर्ण सर्क्युलेशन होऊन वजन आत-बाहेर सारखं झालं की 50 अंश सेल्सिअसला पुन्हा मोजा. एकट्या आकड्याला अर्थ नाही, रोजचा कल बघायचा.

खरा निवाडा एचपीएचटी फिल्ट्रेटचा, म्हणजे जास्त दाबाला आणि तापमानाला मड गाळून निघालेल्या द्रवाचा. तळाचं तापमान, 500 पीएसआयचा फरक, 30 मिनिटं. मग मोजपात्र उजेडात धरून बघा. नुसतं तेल असेल तर इमल्शन धडधाकट आहे. तेलाखाली पाण्याची बारीकशी रेघ दिसली तर मात्र ते फुटायला लागलंय, ईएस कितीही असो.

एकदा मी स्वतः आकड्यामागे धावलो होतो. तीन वेळा इमल्सिफायर दिला, ईएस जेमतेम हलला आणि शेकरच्या (मडमधला दगडाचा चुरा चाळणाऱ्या यंत्राच्या) जाळ्या बुजायला लागल्या. मडची चकाकी गेलेली, रवाळ दिसत होतं. काचेच्या बरणीत हलवून ओतून दिलं, तर काचेवर बॅराइटचा थर तसाच चिकटून राहिला. बॅराइट पाण्याने ओलं झालं होतं. मुळात मडमधलं पाणी उडून गेल्याने ब्राइन (मडमधलं खारं पाणी) कॅल्शियम क्लोराइडने अतिसंपृक्त झालं होतं आणि क्षाराचे स्फटिक सुटले होते. थोडं पाणी आणि वेटिंग एजंट (बॅराइटला पुन्हा तेलाने ओलं करणारं रसायन) दिल्यावर दोन सर्क्युलेशनमध्ये मड ताळ्यावर आलं. तेव्हापासून ब्राइनमधलं क्षाराचं प्रमाण काढल्याशिवाय मी इमल्सिफायरच्या ड्रमला हात लावत नाही.

चुनाही तपासा. फॅटी ॲसिडवाला इमल्सिफायर चुन्याशी मिळून कॅल्शियमचा साबण बनतो, तेव्हाच काम करतो. जादा चुना भराभर संपत असेल तर कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड येतोय का, हे आधी बघा. तो मडपेक्षा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता बॅराइट बसण्याबद्दल. विहीर 30 ते 60 अंशांत कललेली असेल तर हा त्रास सर्वात जास्त. पंप अगदी हळू चालतो तेव्हा तर थांबलेल्या मडपेक्षाही वेगाने बसतं. पण म्हणून सरसकट ऑर्गॅनिक क्ले टाकून मड दाट करू नका. खोल समुद्रात तळाशी पाणी 4 अंशांच्या आसपास असतं, रायझरमध्ये (समुद्रतळापासून रिगपर्यंतच्या पाइपमध्ये) तेच मड आणखी घट्ट होतं, ईसीडी (मड फिरताना विहिरीत जाणवणारी परिणामी घनता) चढतो, आणि फ्रॅक्चरच्या दाबापर्यंतची फट आधीच अरुंद असते. रिऑलॉजी मॉडिफायर (मुख्यतः कमी वेगाला दाटपणा देणारं रसायन) घ्या. 4, 27 आणि 65 अंश सेल्सिअसला व्हिस्कोमीटरवर 3 व 6 आरपीएमची रीडिंग काढा. ती तिन्ही तापमानांना जवळपास सारखी यायला हवीत. काहीही मिसळण्याआधी छोट्या नमुन्यावर पायलट टेस्ट करा, 16 तास हॉट रोल करून, म्हणजे भट्टीत तापवत फिरवून.

फिल्ट्रेटमध्ये पाणी दिसतंय का, ब्राइनमध्ये क्षार आणि मडमध्ये जादा चुना किती, एवढं कळवा. मात्रेचं त्यावरून सांगतो.