जुन्या जर्मन राज्यांची सोन्याची नाणी जमवायचीत, सुरुवात कुठून करू?

प्रशियाच्या २० मार्कच्या नाण्यापासून करा (मार्क म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन), सगळ्यात सहज तेच मिळतं. १८७१ नंतर जर्मनी एक झाला तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेमबर्ग यांचे राजे होतेच, म्हणून नाण्याच्या एका बाजूला आपापला राजा आणि दुसरीकडे साम्राज्याचा गरुड. वजन ७.९६ ग्रॅम, सोनं ९०० टच, म्हणजे हजारात नऊशे भाग शुद्ध, आणि कडेवर गॉट मिट उन्स, म्हणजे देव आमच्यासोबत. छोटं अक्षर टांकसाळीचं असतं, ए बर्लिन, डी म्युनिक, एफ स्टुटगार्ट.

आता गंमत बघा, प्रशियाचा फ्रीडरिश तिसरा १८८८ मध्ये जेमतेम ९९ दिवस राजा होता, त्यामुळे लोकांना वाटतं त्याचं नाणं दुर्मिळ असणार, पण ते लाखोंनी पाडलंय, त्यामुळे कोणी गोष्ट सांगून जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. खरं दुर्मिळ म्हणजे बव्हेरियाच्या लुडविग तिसऱ्याचं १९१४ चं २० मार्क, ते खिशाला झेपणारं नाही.

घेताना कड भिंगातून बघाच, पूर्वी लॉकेट करायला कडी डकवायचे त्याची खूण राहते आणि भाव पडतो. आणि प्लीज, पॉलिश करू नका!