ती गोळी लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. हात थरथरणाऱ्या रुग्णाला ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे कंपवातातली (पार्किन्सनमधली) थरथर कमी करणारी गोळी, द्यावी का, असं विचारलंस. वय ७१ लिहिलंस. पण विसराळूपणा आहे का, लघवी अडते का, काचबिंदू आहे का, यातलं काहीच नाही. या औषधाचं उत्तर मात्र तिथेच दडलेलं असतं.

हा उपचार जुना आहे. बेलाडोना या वनस्पतीच्या कुळातल्या औषधांचा कंपवातातला उपयोग ऑर्डेनस्टाइनने १८६७ मध्ये, फ्रेंच मेंदूतज्ज्ञ शार्को यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेल्या प्रबंधात नोंदवला होता. पुढे शंभर वर्षं, मेंदूतलं डोपामिन वाढवणारं लेवोडोपा हे औषध येईपर्यंत, हाच मुख्य आधार होता. मेंदूतल्या स्ट्रायटम या हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिन हे निरोप्या रसायन घटलं की ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या निरोप्याचं पारडं जड होतं; ते आपण हलकं करतो. थरथर कमी होते, ताठरपणाही थोडा सैलावतो. हालचालीतला मंदपणा आणि तोल यांना मात्र फारसा फायदा होत नाही. तुझ्या रुग्णाची खरी अडचण खुर्चीतून उठण्याची असेल, तर ही गोळी त्याच्या कामाची नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. शिकत असताना एका वृद्ध गृहस्थांना घेऊन घरचे आले. रात्री त्यांना खोलीत माणसं दिसत, मुलीचं नाव आठवत नसे. मी कागदावर स्मृतिभ्रंश लिहून मोकळा झालो. माझ्या वरिष्ठांनी औषधांची पिशवी उघडायला लावली. त्यात ही गोळी दिवसातून तीनदा, शिवाय वारंवार लघवी लागते म्हणून ऑक्सिब्युटिनिन. दोन्ही औषधं ॲसिटिलकोलिनच अडवणारी, त्यामुळे ओझं दुप्पट. हळूहळू कमी करत दोन्ही थांबवली आणि काही आठवड्यांत त्यांनी मुलीला नावाने हाक मारली. त्या दिवसापासून पिशवी पाहिल्याशिवाय मी वृद्ध माणसाच्या स्मरणशक्तीबद्दल एक अक्षर लिहीत नाही.

तरुणांची गोष्ट वेगळी. डिस्टोनियात, म्हणजे स्नायू पिळवटून अंग वेडंवाकडं वळतं तेव्हा, मुलं आणि तरुण या औषधाचे मोठे डोसही सोसतात; फक्त चढ अगदी संथ ठेवायचा. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा हॅलोपेरिडॉल घेतल्यावर एखाद्याची मान वाकडी होऊन डोळे वर लागले, तर तो ढोंग करतोय असं कुणी म्हणालं तरी मानू नकोस. बायपेरिडेन किंवा प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दे. बहुधा काही मिनिटांत मान सरळ होते आणि भेदरलेल्या आईचा श्वास परत येतो. ट्रायहेक्सिफेनिडिलसारखं औषध हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकाराची औषधं घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आधीच, सवयीने जोडून देणं मात्र योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९० मध्येच तसं सांगितलं. टार्डिव्ह डिस्किनेशियात, म्हणजे अशी औषधं दीर्घकाळ घेतल्यावर तोंडाच्या, जिभेच्या आपोआप हालचाली सुरू होतात तेव्हा, तर हे औषध बहुधा त्रास वाढवतं.

द्यायचंच ठरलं, तर १ मिलिग्रॅमपासून सुरू कर. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, जवळचं धूसर दिसणं, घाम न आल्याने उन्हात अंग तापणं, हे घरच्यांनाही समजावून सांग, कारण रुग्ण यातलं बरंच वयाच्या खात्यावर टाकतो. एकदम थांबवायला मात्र कुणालाही सांगू नकोस. आधीची लक्षणं जोरात उसळतात.

आता तुझ्या रुग्णाकडे परत जा. पिशवी मागव, महिने-वार उलटे म्हणायला लाव, लघवीबद्दल विचार, डोळे तपासून घे. मग पुन्हा लिही.

तुझा,
जुना शिक्षक