ल्यों शहरावर लघुप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लघुप्रबंधाचा आराखडा मिळाला. फ्रान्समधल्या ल्योंचा भूगोल, इतिहास आणि अर्थव्यवस्था अशी तीन स्वतंत्र प्रकरणे तू योजली आहेस. तपासणाऱ्याला ती सोयीची वाटतील, परंतु या शहरापुरती ती मांडणी अपुरी पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. रेशमाचा धंदा इथे का आला, तो टेकडीवर का चढला आणि त्याच्यामागून रसायनांचे कारखाने दक्षिणेच्या नदीकाठी कसे उभे राहिले, एवढा एकच प्रश्न तू चिकाटीने सोडवत गेलीस, तर तिन्ही विषय त्यात आपसूक येतील.

सुरुवात नद्यांपासून कर, पण दोन नद्यांचा संगम एवढे लिहून पुढे जाऊ नकोस, कारण या नद्यांचे स्वभाव भिन्न आहेत. आल्प्समधल्या बर्फाचे पाणी घेऊन येणारी ऱ्होन वेगवान आहे. उत्तरेकडून येणारी सोन संथ असून तिला पावसाळी हिवाळ्यात पूर येतो. नौकानयनाला सोन सोयीची, म्हणून जुने शहर तिच्या काठी वाढले. इ. स. पू. 43 मध्ये रोमन सेनानी प्लांकुस याने लुग्दुनुम ही वसाहत स्थापन केली, तीही सोनच्या पश्चिमेला असलेल्या फूर्व्हिएर टेकडीवर. ऱ्होनवर मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गियोतिएर हा एकच पूल होता. पलीकडचा सखल, पूरप्रवण डावा काठ त्यामुळे दीर्घकाळ विरळ वस्तीचा राहिला आणि पुढे उद्योगांना जागा लागली तेव्हा ती तिथेच मिळाली. डाव्या काठावरचे गियोतिएर आणि टेकडीवरचे क्र्वा-रूस ही उपनगरे 1852 मध्ये शहरात सामील झाली, आणि चारच वर्षांनी, 1856 च्या महापुराने डाव्या काठाची दाणादाण उडवली. या दोन घटना तू वेगवेगळ्या प्रकरणांत टाकल्या आहेस, त्या एकत्र आण.

रेशीम इथे कच्च्या मालामुळे आले नाही. पंधराव्या शतकात राजाश्रयाने भरणाऱ्या जत्रांमुळे इटालियन व्यापारी आणि सावकार ल्योंमध्ये स्थिरावले होते. इटालियन कापडापायी देशाबाहेर जाणारा पैसा थांबावा, म्हणून पहिल्या फ्रान्स्वा राजाने 1536 मध्ये इथल्या रेशीम विणकामाला सवलती दिल्या. भांडवल आणि बाजारपेठ आधी, माग नंतर, हा क्रम तुझ्या वाचकाच्या मनावर ठसला पाहिजे.

क्र्वा-रूसच्या उतारावरची घरे तू प्रत्यक्ष पाहशील तेव्हा आधी खिडक्यांकडे बघ. त्या उंच आहेत आणि एकमेकींना खेटून आहेत. आत छत सुमारे चार मीटरवर असते आणि खोलीच्या एका कोपऱ्यात लाकडी पोटमाळा असतो. 1804 च्या सुमारास जोझेफ-मारी जॅकार्ड याने छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी, मागावर नक्षी विणणारी यंत्रणा सिद्ध केली. ती मागाच्या डोक्यावर बसत असल्यामुळे जुन्या शहरातल्या बुटक्या खोल्या तिला पुरेनात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जप्त झालेल्या मठांच्या जमिनी याच टेकडीवर विकल्या गेल्या होत्या. तिथे मागाच्या उंचीला साजेशी घरे बांधली गेली आणि विणकर त्यांत राहू लागले. खाली माग आणि वर पोटमाळ्यावर कुटुंबाची अंथरुणे, असा तो संसार होता. (येवल्याला पैठणीच्या मागांवर आजही जॅकार्ड दिसतो. तिथे एकदा जाऊन ये, म्हणजे पुठ्ठे आणि दोरे यांचा संबंध वर्णनावाचून कळेल.)

या विणकरांना कान्यू म्हणत. त्यांचा माग स्वतःचा असे, पण रेशीम आणि नक्षी व्यापाऱ्याची, आणि मजुरी नगावर. म्हणूनच 1831 चा उठाव हा गिरणी कामगारांचा संप समजून लिहू नकोस. ऑक्टोबरमध्ये प्रिफेक्टच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या जिल्हाप्रमुखाच्या, मध्यस्थीने मजुरीचे किमान दर ठरले, अनेक व्यापाऱ्यांनी ते नाकारले, आणि नोव्हेंबरमध्ये काम करून जगू किंवा लढून मरू, अशी घोषणा देत विणकरांनी शहर ताब्यात घेतले. सरकारने सैन्य धाडले, दरपत्रक रद्द केले आणि प्रिफेक्टलाच पदावरून दूर केले. 1834 चा दुसरा उठाव याहून रक्तरंजित ठरला. मालक आणि कामगार यांचे तंटे सोडवणारे फ्रान्समधले पहिले प्र्युदॉम मंडळही याच शहरात 1806 मध्ये स्थापन झाले होते. ते असूनही मजुरीचा मुख्य प्रश्न का सुटला नाही, यावर तू चार पाने खर्च केलीस तरी मी ती जास्त मानणार नाही.

पुढचा दुवा रंगाचा आहे. रेशमाला रंग लागतो, रंगासाठी रसायन. 1859 मध्ये व्हेर्गँ याने ल्योंमध्ये फुक्सिन हा कृत्रिम किरमिजी रंग तयार केला. रंगाऱ्यांच्या गरजेवर पोसलेला रसायन उद्योग डाव्या काठाने दक्षिणेकडे सरकत गेला, आणि 1928 च्या विलीनीकरणातून निर्माण झालेल्या ऱ्होन-पुलँक कंपनीचे एक मूळ तिथलेच. आज त्या पट्ट्याला रसायनांचे खोरे म्हणतात. तिथल्या फेझँ तेलशुद्धीकरण कारखान्यात 4 जानेवारी 1966 रोजी वायूगळती होऊन स्फोट झाले आणि 18 जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेचा उल्लेख तुझ्या आराखड्यात नाही. तो यायलाच हवा. लस आणि औषधनिर्मितीची परंपरा मार्सेल मेरिए याच्या 1897 च्या प्रयोगशाळेपासून सुरू होते, तिलाही याच ओघात जागा दे.

वर्तमानकाळ थोडक्यात आटोप. 1981 मध्ये पॅरिसशी जोडणारी टीजीव्ही ही अतिवेगवान रेल्वे आली, पार-दियू स्थानकाभोवती कचेऱ्यांचा परिसर वाढला, 1998 मध्ये जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि 2015 पासून सुमारे 14 लाख वस्तीच्या महानगराला स्वतंत्र प्रशासकीय दर्जा मिळाला. मूळ शहराची लोकसंख्या त्यात पाच लाखांच्या थोडी वर आहे, म्हणून आकडा देताना तो शहराचा की महानगराचा, हे दर वेळी लिही. आणि ल्योंला फ्रान्सचे दुसरे शहर ठरवण्याच्या वादात शिरू नकोस; मार्सेयशी तुलना करत बसलीस तर रेशमाचा प्रश्न बाजूला राहील.

गियोतिएर पूल आणि डावा काठ हा भाग आधी लिहून काढ आणि तेवढाच मला पाठव. सोबत 1856 च्या पुराची सीमा दाखवणारा नकाशा आणि रसायन कारखान्यांचा नकाशा एकाच प्रमाणात काढून जोड.

तुझा शुभचिंतक